जहाजावरची शेगडी

आमच्या गोव्यात थंडी म्हणजे काय, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगावर एक चादर जास्त घ्यायची आणि न्हाणीत भाणाखाली सोडणांचा जाळ जरा लवकर पेटवायचा. ऊब ही गोष्ट आपल्याला कधी मिळवावी लागली नाही. उलट ती कमी कशी होईल हीच वर्षातले दहा महिने विवंचना. त्यामुळे गारठलेल्या समुद्रात जहाज उबदार कसे ठेवायचे, जळण कोणते घ्यायचे, शेगडी कुठे बसवायची आणि धूर कुठून बाहेर काढायचा, या प्रश्नांवर माणसांनी तीनशे वर्षे डोके खाजवले हे सांगितले तर आपल्याला ते परग्रहावरचे वाटेल. पण या कथेचे एक टोक थेट जुन्या गोव्यातल्या आर्चबिशपच्या वाड्यात आहे, म्हणून ती इथे सांगायची.

यान हुयखेन व्हान लिन्सखोतेन हे नाव गोव्याच्या इतिहासात रस असलेल्यांना नवे नाही. हा डच तरुण १५८३ साली आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांचा लेखनिक म्हणून गोव्यात आला आणि पाच वर्षे राहिला. गोव्याचा बाजार, पालखीतून जाणारे फिदाल्गो, इथली झाडे, फळे, नाणी, वजने, सगळे त्याने टिपून ठेवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेली जलमार्गांची माहिती त्याने बाहेर नेली. १५९६ साली आम्स्टरडॅमला छापलेला त्याचा 'इतिनेरारिओ' हा ग्रंथ म्हणजे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या मक्तेदारीला लागलेली वाळवीच म्हणायची. त्या काळातले पोर्तुगीज लोक गोव्याच्या पावसाळ्याला हिवाळा म्हणत. 'इन्व्हेर्नु' आला की मांडवीचे मुख वाळूने बंद व्हायचे आणि जहाजे अडकून पडायची. लिन्सखोतेनही तोच शब्द वापरतो. म्हणजे या माणसाने पाच हिवाळे काढले ते धो धो पावसाचे, घामाचे आणि बुरशीचे.

खऱ्या हिवाळ्याच्या समुद्राशी त्याची गाठ पुढे पडली. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या वाटेवर पोर्तुगीजांचा पहारा, आणि १५८०पासून पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली गेलेला. त्या स्पेनशी डचांचे युद्ध चाललेले. तेव्हा उत्तरेकडून, रशियाच्या डोक्यावरून चीन आणि हिंदुस्थानला जाणारी वाट मिळते का, असा विचार डचांनी केला. १५९४ आणि १५९५ अशा दोन सफरींत लिन्सखोतेन स्वतः होता. गोव्यातले ऊन खाल्लेला माणूस कारा समुद्राच्या बर्फापर्यंत जाऊन आला. वाट काही मिळाली नाही. १५९६च्या तिसऱ्या सफरीला तो गेला नाही, आणि ते त्याचे नशीब.

या तिसऱ्या सफरीत दोन जहाजे होती. एकावर याकोब व्हान हेम्सकर्क कप्तान आणि विलेम बारेंट्स वाटाड्या. १५९६च्या ऑगस्टअखेरीस नोवाया झेम्ल्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर हे जहाज बर्फात अडकले. बर्फाने ते असे काही दाबले, उचलले आणि कलंडवले की त्यात राहणे धोक्याचे झाले. जहाजावरच्या सतरा माणसांनी किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या घेऊन घर बांधले. बांधकाम संपण्याआधीच सुतार वारला. उरले सोळा. त्यांच्यातल्या खेरित दे व्हेर याने रोजनिशी लिहिली, म्हणून आपल्याला पुढची हकिकत कळते.

इथे जरा थांबून जहाजावरच्या विस्तवाबद्दल सांगायला हवे. लाकडी जहाज म्हणजे डांबर, दोर, कापड आणि दारूगोळा यांचे तरंगते कोठार. विस्तव हा त्याचा पहिला शत्रू. लिस्बन ते गोवा असा सहा-सहा महिन्यांचा प्रवास करणाऱ्या पोर्तुगीज नावांवर वाळू भरलेल्या पेटीत चूल असे, आणि रात्र व्हायच्या आत ती विझवायची असा दंडक असे. आपल्याकडच्या पडावांवर, फतेमाऱ्यांवरही चूल अशीच लाकडी पेटीत मातीवर मांडलेली. ही चूल भात-आमटीपुरती. तिच्याजवळ बसून शेकावे असा तिचा हेतूच नव्हता, आणि उष्ण समुद्रात तशी गरजही नव्हती. त्यामुळे युरोपच्या उत्तम दर्यावर्दींकडेसुद्धा जहाज गरम ठेवण्याची विद्या अशी नव्हतीच. जे होते ते घरातल्या चुलीचे ज्ञान. बारेंट्सच्या माणसांनी तेच वापरले. घराच्या मधोमध विस्तव आणि वर छपराला धुराडे.

या मांडणीतली खोट रोजनिशीत जागोजाग दिसते. विस्तव धडधडत असे, पण भिंतींवर आणि झोपायच्या फळ्यांवर दोन बोटे जाडीचा बर्फ. पाय आगीपुढे धरावेत तर ऊब लागायच्या आधी मोजे जळत. जळका वास आला म्हणून मोजे वाचले, कारण पायांना तोवर काही कळलेलेच नसे. कातडी बूट शिंगासारखे टणक झाले, घड्याळ गोठून बंद पडले, पिंपातली बिअर गोठली. रात्री दगड तापवून पायाशी घेऊन झोपायचे. उघड्या विस्तवाची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते आणि तिच्या जागी बाहेरची बर्फगार हवा फटींतून आत ओढली जाते. हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. त्यांना एवढेच दिसत होते की आपण लाकूड जाळतो आहोत आणि ऊब आभाळात जाते आहे.

मग ७ डिसेंबर १५९६चा दिवस आला. वादळ आणि थंडी असह्य झाली. कोणीतरी सुचवले, जहाजावर दगडी कोळसा आहे, तो आणू. कोळशाचा निखारा लाकडापेक्षा कडक आणि टिकणारा. आणला, पेटवला, आणि पहिल्यांदाच घर छान तापले. इतकी मिळालेली ऊब रात्रभर टिकावी म्हणून त्यांनी दार आणि धुराडे दोन्ही बंद केली आणि अंथरुणात शिरून खुशीत गप्पा मारत पडले. थोड्या वेळाने सगळ्यांना गरगरू लागले. एक माणूस आधीच आजारी होता, त्याला ते पहिल्यांदा सोसेनासे झाले. ज्यांच्या अंगात थोडी शक्ती उरली होती त्यांनी उठून धुराडे उघडले, मग दार. दार उघडणारा तिथेच बर्फावर बेशुद्ध पडला. दे व्हेर धावला, त्याच्या तोंडावर शिरका मारून त्याला शुद्धीवर आणले. कप्तानाने सगळ्यांना थोडी थोडी वाईन दिली. दे व्हेर लिहितो त्याचा भाव असा, की जी थंडी इतके दिवस आमची वैरीण होती तिनेच त्या रात्री आम्हाला वाचवले. पुढे काही दिवस कोळशाला हात लावायचा धीर कोणाला झाला नाही.

कोळसा जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो हे त्या बिचाऱ्यांना कसे कळावे? तो वायू म्हणजे काय हेच १८०० साली विल्यम क्रुकशँकने दाखवले. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतो त्याच्या दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरतो, म्हणून श्वास चालू असतानाच माणूस आतून गुदमरतो. लाकडाचा धूर निदान डोळे चुरचुरवून सावध करतो. नीट फुललेला निखारा धूर सोडत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो, आणि तिथेच घात होतो. उत्तर हिंदुस्थानात आजही हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या येतात. बारेंट्सची माणसे सोळाच्या सोळा त्याच रात्री गेली असती तर त्यांचे काय झाले हे जगाला कधीच कळले नसते.

जून १५९७मध्ये ते दोन उघड्या होड्यांतून निघाले. आठवड्याच्या आतच बारेंट्स वारला. बारा जण नोव्हेंबरात आम्स्टरडॅमला पोचले. तोवर दुसरा एक डच तांडा दक्षिणेकडून, लिन्सखोतेनने गोव्यातून नेलेल्या माहितीच्या आधारे, जावापर्यंत जाऊन परतलाही होता. बर्फाच्या वाटेचा प्रश्न असा परस्पर निकालात निघाला. त्या घरातून वाचलेला हेम्सकर्क मग याच दक्षिणेच्या वाटेने पूर्वेला गेला आणि १६०३ साली सिंगापूरजवळ त्याने 'सांता कातारिना' हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. गोव्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना हे जहाज हटकून येते. त्यात कप्तान सहा वर्षांपूर्वी कोळशाच्या धुराने मरता मरता वाचला होता, ही नोंद सहसा कोणी घालत नाही.

जहाज गरम ठेवण्याची विद्या पुढे सरकायला मग दोनशे वर्षे गेली. मधल्या काळात कॅप्टन कुकने एक गोष्ट ओळखली. जहाजावर थंडीपेक्षा ओल वाईट. लोखंडी भांड्यात विस्तव घेऊन तो जहाजाच्या खालच्या मजल्यांवर फिरवायचा, आतली कुबट ओल वाळवायची आणि हवा खेळती करायची, अशी त्याची पद्धत होती. दक्षिण समुद्राच्या सफरीत खलाशी निरोगी राहिले त्याबद्दल रॉयल सोसायटीने १७७६ साली त्याला कोपली पदक दिले. लिंबू, सांडकोबी वगैरेंची चर्चा खूप होते, पण या भांड्यातल्या विस्तवाला कोणी विचारत नाही.

ओलीचा खरा धडा मिळाला तो ब्रिटिश आरमाराच्या एडवर्ड पॅरीला. १८१९-२०चा हिवाळा त्याने 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' या जहाजांवर कॅनडाच्या उत्तरेला मेल्व्हिल बेटाजवळ मुद्दाम बर्फात गोठून काढला. डेकवर कापडाचे छप्पर घातले, आत शेगड्या पेटवल्या. जहाजात ऊब होती, पण माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाच्या भांड्यांची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ थंड फळ्यांना लागून गोठायची. झोपायच्या जागा ओल्या, गाद्या ओल्या. बाजूंवरचा हा बर्फ खरवडून काढायचे काम चालू असे, आणि मार्च १८२०मध्ये सुमारे चार आठवड्यांत साचलेला बर्फ काढला तर तो शंभराहून जास्त बादल्या भरला. विचार करा, हे पाणी कोणी आत आणले नव्हते. माणसे नुसती श्वास घेत होती आणि जेवण रांधत होती.

म्हणजे शेगडी मोठी केली की प्रश्न सुटतो हा समज चुकीचा. शेगडी मोठी, तर आतली हवा जास्त वाफ धरते आणि थंड लाकडावर जास्त ओकते. आपल्याकडे मे महिन्याच्या उकाड्यात फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला जो घाम सुटतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे माणसे त्या बाटलीच्या आत राहत होती.

यावर दोन तोडगे निघाले. एक जॉन रॉसचा. 'व्हिक्टरी' जहाजावर १८२९ ते १८३३ या लांबलेल्या मुक्कामात त्याने डेकला भोके पाडून त्यांवर लोखंडी टाक्या पालथ्या घातल्या. आतली दमट हवा वर जायची, टाकीच्या गार पत्र्याला वाफ गोठायची, आणि मग टाकीतला बर्फ काढून टाकला की झाले. ओल कुठेतरी साचणारच, तर आपण सांगू तिथे साचू दे, असा हा साधा विचार. मला तरी या सगळ्या इतिहासात हा तोडगा सर्वांत आवडतो. यंत्र नाही, जळण नाही.

दुसरा तोडगा चार्ल्स सिल्व्हेस्टर या इंजिनियरचा. डर्बीच्या इस्पितळात त्याने खोल्या गरम ठेवण्याची व्यवस्था केली होती आणि त्यावर १८१९ साली पुस्तकही लिहिले. विस्तव खोलीत ठेवायचाच नाही. तो खाली, जहाजाच्या पोटात, बंद भट्टीत. बाहेरची कोरडी हवा त्या भट्टीभोवतीून तापवून नळांतून वरच्या मजल्यावर सोडायची आणि धूर वेगळ्या धुराड्याने बाहेर. बर्फाळ हवेत वाफ फार थोडी असते, म्हणून ती तापवली की अगदी कोरडी होते आणि ओल पिऊन टाकते. पॅरीने १८२४-२५च्या सफरीत हे यंत्र वापरले आणि त्याची मनापासून तारीफ केली. जहाजात पहिल्यांदाच ऊब आणि कोरडेपणा एकत्र नांदले. त्याची किंमत कोळशात मोजायची. कोळसा संपला की सगळे संपले, आणि ध्रुवाजवळ कोळसा विकायला कोणी बसलेले नसते.

या प्रश्नाला खरे शहाणपणाचे उत्तर दिले नॉर्वेच्या फ्रिड्तयॉफ नान्सेनने. त्याने शेगडीपासून सुरुवातच केली नाही. त्याला आपले 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात गोठवून काही वर्षे वाहत जाऊ द्यायचे होते. जहाज बांधणाऱ्या कॉलिन आर्चरने ते १८९२ साली पाण्यात सोडले. त्याच्या खोल्यांच्या भिंती, छत आणि जमीन यांत नमदा, बूच, रेनडियरचे केस, लाकूड आणि लिनोलियम असे थरावर थर भरले होते. वरच्या उजेडाच्या झरोक्याला काचा तिहेरी. दिव्यांसाठी डेकवर पवनचक्की बसवून तिच्यावर वीज काढली. १८९३च्या सप्टेंबरात 'फ्राम' बर्फात गोठले आणि १८९६च्या ऑगस्टात सुटले. इतक्या काळात तेरा माणसांना भिंतीवरचा बर्फ खरवडत बसावे लागले नाही. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली गेला तरी शेगडी न पेटवता आम्ही आत आरामात बसतो, असे नान्सेनने लिहून ठेवले आहे. तेरा माणसे, दिवे आणि स्वयंपाक यांचीच ऊब पुरत होती, कारण ती बाहेर जात नव्हती. हे जहाज आज ऑस्लोच्या संग्रहालयात उभे आहे, आणि आत जाऊन पाहता येते.

मोठ्या जहाजांचा प्रश्न तोवर वाफेच्या इंजिनाने जवळपास मिटवला होता. बॉयलर रात्रंदिवस पेटलेला, त्यातली थोडी वाफ नळांतून खोल्यांत फिरवली की झाले. आमच्या गोव्याचे तारवटी पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या जहाजांवर बटलर, स्वयंपाकी, स्टुअर्ड म्हणून चढले ते या काळात. उत्तर अटलांटिकच्या थंडीत सलूनमध्ये प्रवासी उबेत जेवत असताना ताटे नेणारा माणूस सासष्टी नाहीतर बारदेशचा असे, हे चित्र आपल्या घराघरांत माहीत आहे.

लहान होडीचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या मालवाहू होड्या जेमतेम सात फूट रुंद. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, आणि होडीवाल्यांना किनाऱ्यावर घर परवडेना, तशी कुटुंबेच्या कुटुंबे होडीच्या मागच्या दहा फुटी खोलीत राहू लागली. दारातून आत उतरले की बाजूलाच बिडाची शेगडी. तीच चूल, तीच ऊब, तिच्यावरच कपडे वाळत. पुलाखालून जाताना धुराड्याचा वरचा भाग काढून ठेवायचा. पुष्कळ होड्या कोळसाच वाहत, त्यामुळे जळणाचा प्रश्न कसा सुटे ते उघडपणे कोणी बोलत नसावे! १९६२-६३च्या भयंकर हिवाळ्यात हे कालवे कित्येक आठवडे गोठले, होड्या होत्या तिथे अडकल्या, आणि आधीच खंगलेला हा धंदा त्यानंतर सावरला नाही. आज त्या कालव्यांवर हजारो लोक हौसेने किंवा घरभाडे परवडत नाही म्हणून होडीत राहतात आणि शेगडी कोणती घ्यावी हा त्यांचा दर हिवाळ्याचा विषय असतो. लाकूड-कोळशाची बिडाची शेगडी कोरडी ऊब देते, पण राख काढा, धुराडे झाडा, आणि धुराडे बुटके असल्याने वाऱ्याच्या दिवशी धूर उलटा आत. डिझेलवरचा हीटर बटण दाबले की चालू होतो, पण बॅटरी उतरली की थंडगार. धुराड्याशिवायचा रॉकेल किंवा गॅसचा हीटर स्वस्त, पण एक लिटर रॉकेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीतच राहते. म्हणजे पुन्हा पॅरीच्या बादल्या. शिवाय ७ डिसेंबर १५९६ची भीती आहेच. तिथल्या होडी-सुरक्षेच्या नियमांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा २०१९पासून सक्तीची झाली.

आपल्या देशात हा प्रश्न पाहायचा तर श्रीनगरला. काश्मीरच्या डोग्रा राज्यात परक्यांना जमीन घ्यायला बंदी होती, तेव्हा उन्हाळा काढायला येणारे इंग्रज होडीवर राहू लागले आणि त्यातून देवदाराच्या त्या नक्षीदार हाऊसबोटी वाढल्या. मुळात त्या उन्हाळ्यासाठीच. हिवाळ्यात पाहुणा आला तर त्याच्यासाठी बैठकीत पत्र्याची बुखारी पेटवतात, तिचे धुराडे छपरातून बाहेर काढलेले असते. होडीवाल्याची स्वतःची ऊब म्हणजे कांगडी. वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात कोळशाचे निखारे आणि वर राख. चिनारच्या पानांचा कोळसाही त्यात घालतात. ही कांगडी फेरनच्या आत पोटाशी धरायची. खोली तापवण्याच्या भानगडीत न पडता माणूस तेवढा तापवायचा. जळण मूठभर. पण तीही फुकट नाही. पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला वर्षानुवर्षे शेक लागून होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ सालीच करून ठेवले आहे. जानेवारीत दल सरोवराच्या कडेला बर्फ धरलेला असतो, आणि पहाटे भाजीच्या होड्या वल्हवत जाणाऱ्यांच्या फेरनखाली ती कांगडी असते. एक हात वल्ह्यावर, दुसरा आत.